चौथी गाठ

१

मोतीराम मास्तर बुडाले तो मंगळवार होता. मंगळवार माझा चिंचपाड्याचा वार. वाढवणहून पहाटे निघायचं, डहाणूला कासा रस्त्याची एस.टी. पकडायची आणि फाट्यावर उतरून सुकट-बोंबलाची पाटी डोक्यावर घेऊन तळ्याकाठानं पाड्यात शिरायचं. महाराष्ट्र राज्य होऊन दीड वर्ष झालं होतं, पण माझ्या गुडघ्यांना त्याचं काय? गुडघ्यांना सुख दिलं ते मास्तरांनी. तळ्याभोवतीची वाट त्यांची.

वाट कसली, मास्तरांचं वेडच ते. डोळे अधू व्हायला लागले तेव्हा त्यांनी श्रमदानाची माणसं धरली आणि तीन वर्षांपूर्वी तळ्याला वळसा घालणारी वाट करून घेतली. कुठे चढ ठेवला नाही, कारण लाकडाच्या ओंडक्याखाली पाय गेलेला हाल्या कुबडीवर चालायचा. शंभर-शंभर पावलांवर म्हाताऱ्यांना टेकायला दगड ठेवले. आणि पाण्याच्या बाजूनं खांब पुरून कमरेइतक्या उंचीवर दोर बांधला, डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी. दोर मीच आणून दिलेला, आमच्या होडीचा जुना, काथ्याचा. "मालू, ही सगळ्यांची वाट. इथे कुणी कुणाला हात धरून न्यायचं नाही," असं मास्तर म्हणायचे. वर्षभरात त्यांचे डोळे पार गेले आणि त्या वाटेवर रोज सकाळी एकटे फिरणारे तेच उरले.

त्या दिवशी फाट्यावर उतरले तर हाल्याची बायको शुक्री ऊर बडवत धावत आली.

"मालूबाय, मास्तर गेलं! खदानीच्या डोहात गेलं! आन् माझ्या माणसाला फौजदारानं नेलं!"

माझी पाटी खाली पडली. अर्धे बोंबील मातीत गेले, ते मी उचललेसुद्धा नाहीत.

तळ्याच्या एका अंगाला, वाट वळते तिथे, पूर्वी रस्त्यासाठी दगड काढलेली खदान आहे. काठ ताशीव आणि पाणी तीन पुरुष खोल. प्रेत बाहेर काढून ठेवलं होतं. मास्तरांचं धोतर दोन्ही गुडघ्यांच्या वर नीट खोचलेलं होतं. काठावर, वळणाच्या खांबापाशी, त्यांच्या वहाणा जोडीनं ठेवलेल्या होत्या आणि वहाणांशेजारी काठी आडवी. दोर या खांबापासून त्या खांबापर्यंत अखंड होता.

"दोर शाबूत आहे," फौजदार हवालदाराला सांगत होता. "आंधळा आपणहून दोर सोडून जाईल कशाला? ढकललंय. काल संध्याकाळी तो लंगडा याच्याशी भांडला, अर्ध्या पाड्यानं ऐकलंय. आणि जीव दिला असं वाटावं म्हणून वहाणा मांडून ठेवल्यात."

वहाणांकडे मी पुन्हा एकदा पाहिलं. मारेकरी इतक्या मायेनं वहाणा ठेवतो का हो?

२

शांतीवहिनी रडत नव्हत्या. मास्तरांची बायको ती, पाड्यातल्या दोन पिढ्यांना तिनं मुळाक्षरं शिकवलेली. अंगणात पोलीस नि बघे यांच्या गर्दीत कपड्यांची दोरी तुटून लोंबत होती. मी ती जोडली आणि तिच्यावर मास्तरांचं ओलं धोतर वाळत घातलं. हाताला काही तरी काम हवंच असतं माझ्या. मी डावरी; आईनं लहानपणी तो हात बांधूनही ठेवून पाहिला, पण काही उपयोग झाला नाही.

"मालू, बस जरा," वहिनी म्हणाल्या. "फौजदार म्हणतो हाल्यानं ढकललं. लोक म्हणतात जीव दिला. दसऱ्यानंतर ह्यांना मुंबईला नेलं होतं, शेवटचं ऑपरेशन करून बघू म्हणून. महिनाभर राहिलो. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आता दिसणार नाही. काल दुपारी परत आलो आणि आज हे."

"मास्तर काही बोलले होते का?"

"तेच तर. गाडीत हसत होते. म्हणाले, आपली वाट आहे ना, डोळे काय करायचेत?" त्या वाळत घातलेल्या धोतराकडे बघत होत्या. "मालू, ढकललं असेल तर हाल्याला फासावर जावं लागेल. आणि ढकललं नसेल, तर हे मला सोडून गेले. आपणहून. मला न सांगता. यातलं मी काय मागू गं देवाकडे?"

 माझा नवरा समुद्रात गेला तेव्हा वारा होता, लाटा होत्या, दोष द्यायला काहीतरी होतं. या बाईला तेवढंही नव्हतं.

"वहिनी, धोतर खोचलेलं होतं," मी म्हटलं. "ढकललेला माणूस धोतर खोचतो का? आणि जीव द्यायचा असेल तर धोतर भिजेल याची फिकीर कोण करतो?"

 मग हळूच म्हणाल्या, "पायऱ्यांवर जाताना खोचायचे."

"कुठल्या पायऱ्या?"

"वाटेच्या शेवटी घाट आहे ना, देवळाजवळ. रोज तिथे वहाणा काढायचे, काठी वरच ठेवायचे, ओल्या दगडावर ती घसरते म्हणून. मग धोतर खोचून तीन पायऱ्या उतरायचे आणि पाण्यात पाय सोडून बसायचे. तेवढंच सुख होतं त्यांना."

"पण खदान कुठे आणि घाट कुठे! घाट पुढे आहे चांगला दोनशे पावलं. त्यांना कळायचं कसं कुठे आलो ते?"

"गाठींवरून. दोराला गाठी आहेत ना."

गाठी मी तीन वर्षं बघत होते. दोर खांबावरून सरकू नये म्हणून असतील अशी माझी समजूत.

"हाल्याकडून मारून घेतल्या होत्या ह्यांनी," वहिनी म्हणाल्या. "शाळेपासून निघालं की पहिली गाठ ओहोळाच्या मोरीला, त्या छोट्या पुलापाशी. दुसरी बसायच्या मोठ्या दगडाला. तिसरी खदानीच्या वळणाला, तिथे दोर अजिबात सोडायचा नाही. आणि चौथी घाटाला. चौथ्या गाठीला दोर सोडायचा आणि त्याच्याखालून वाकून पायऱ्यांवर जायचं."

 मी तशीच उठले आणि वाटेकडे निघाले.

३

शाळेपाशी डोळे मिटले आणि डावा हात दोरावर ठेवला. डोळे मिटून चालणं सोपं नसतं, बाय! पायाखाली नवा मुरूम कुरकुरत होता. दिवाळीनंतर ब्लॉकवाल्यांनी, सरकारी विकासकामांच्या माणसांनी, सगळ्या वाटेवर तो पसरला होता. पूर्वी पायाला ओहोळाजवळची वाळू कळायची, दगडाजवळची मुळं कळायची. आता सगळीकडे एकसारखं. मास्तरांनी हा मुरूम पायाखाली पहिल्यांदाच घेतला तो आज सकाळी. म्हणजे भरवसा उरला तो एकट्या दोराचा.

एक गाठ आली. खाली ओहोळाचं पाणी खळखळत होतं. बरोबर.

दुसरी गाठ आली. इथे बसायचा दगड हवा. मी पाय पुढे करून चाचपलं, दगड नव्हता. तशीच चालत राहिले. तिसरी गाठ आली आणि गुडघ्याला दगड लागला.

 डोळे उघडावेसे वाटले, उघडले नाहीत. चालले. चौथी गाठ हाताला लागली.

डोळे उघडले. दोरापलीकडे एका पावलावर खदानीचं काळं पाणी होतं.

मी खांबाला मिठी मारून उभी राहिले. कुणी ढकललं नव्हतं त्यांना. जीवही दिला नव्हता. मास्तर चार गाठी मोजून आपल्या हिशेबानं घाटावर पोचले होते. वहाणा काढल्या, काठी ठेवली, धोतर खोचलं आणि दोराखालून वाकून पहिली पायरी उतरायला पाय खाली टाकला.

मोरी आणि दगड यांच्यामध्ये एक गाठ जास्तीची होती. परत जाऊन पाहिली. दोर तिथे तुटलेला होता आणि कुणीतरी जोडला होता. गाठ चांगली घट्ट होती. मला तिच्यात वेगळं असं काही दिसलं नाही.

कुणी जोडला? चुकून की मुद्दाम? मास्तर मोजून चालतात हे ठाऊक असलेला कुणीतरी असेल, तर हा सरळ खून होता.

४

रात्र वहिनींपाशी काढली आणि सकाळी पहिला गाठला तो रामू मुकादम. गवताच्या वखारीचा मुकादम. रस्त्याचा वळसा टाळून गवताच्या गाड्या तळ्याकाठानं हाकायला याला पाहिजे होतं, आणि मास्तरांच्या वाटेनं ते बंद पडलं. त्यावरून दोघांची चांगली जुंपलेली मला माहीत होती.

"सुकटवाली आता फौजदार झाली वाटतं!" मुकादम म्हणाला.

"फौजदार झोपलाय म्हणून. वाटेवरचा दोर तू तोडलास?"

"मी कशाला तोडू? मला तोडायचा असता तर खांबासकट उपटला असता. उगाच भलतं नाव घेऊ नको." मग गवताची काडी मोडत म्हणाला, "मास्तरांनी मला वाचायला शिकवलं, मालूबाय. भांडलो, ते वेगळं. दोर म्हशीनं तोडला. लडक्याला विचार."

"आणि हाल्या?"

"हाल्या महिनाभर माझ्याकडेच होता, गठ्ठे बांधायला. परवा, सोमवारी सोडला त्याला. कुबडीवाला माणूस इथून रोज तळ्यावर जाईल कसा?"

दोराची देखभाल हाल्याच करायचा; म्हणजे दोराकडे महिनाभर बघणारं कुणीच नव्हतं. परवा संध्याकाळचं भांडण तेच. वहिनींनी रात्री सांगितलं होतं, मास्तर हाल्याला म्हणाले होते, "वाट सोडून कुठे गेला होतास?" पाड्यानं आवाज ऐकला, शब्द ऐकले नाहीत.

लडक्या म्हशी घेऊन तळ्यावरच सापडला. पन्नाशीचा बाप्या, पण मला बघून कावराबावरा झाला. एका म्हशीचं दावं तुटलेलं, ती ओढत होती आणि हा टोकं धरून उभा.

"लडक्या, दोर तुझ्या म्हशीनं तोडला?"

"नाय... हां. हीच ती. शिंग अडकलं, झटका दिला, तुटला." तो खाली बघत होता. "मालूबाय, कुणाला सांगू नको ग. मास्तर रागं भरतील म्हणून मी पळालो." आणि मास्तर आता रागं भरायला नाहीत हे ध्यानात येऊन तो तोंडात पंचा कोंबून रडायला लागला.

"गप, गप. आण इकडे ते." मी दाव्याची टोकं त्याच्या हातातून घेतली. "कधी तुटला दोर?"

"दिवाळी झाली, त्याच्या पुढच्या सोमवारी. सांजेला."

"मग जोडला कुणी? तू?"

"नाय! मंगळवारी सांजेला भीत भीत बघायला आलो तं जोडलेला. मना वाटलं हाल्यानं जोडला. बरं झालं म्हटलं."

"आणखी कुणाला पाहिलंस का तिथे?"

"नाय." लडक्यानं दावं ओढून पाहिलं. "भारी बसली ही गाठ. आता रेडा पण तोडणार नाय."

मी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. माझं डोकं त्या मंगळवारात अडकलं होतं. हाल्या तेव्हा वखारीत होता. मग मंगळवारी तळ्यावर आलं कोण?

५

फौजदारानं आधी हाकलून दिलं. मी चौकीच्या पायरीवर पाटी मांडून बसले आणि सुकटीचा वास आत जाईल अशी सोय केली. अर्ध्या तासात भेट मिळाली.

हाल्या कोपऱ्यात बसला होता. कुबडी काढून घेतलेली. तीन वर्षांत त्या माणसाला मी असा जमिनीवर गळून बसलेला पाहिला नव्हता.

"मास्तरांनी मला उभं केलं," तो म्हणाला. "पाय गेल्यावर मी झोपडीबाहेर येत नव्हतो. मास्तर आले, म्हणाले, मला दिसेनासं झालंय, तुला चालता येत नाही, दोघं मिळून एक वाट करू. आणि त्यांना मी ढकलीन, मालूबाय?"

"नाही ढकललंस. मला कळलंय." मी त्याला जास्तीच्या गाठीचं सांगितलं.

त्यानं कपाळ बडवून घेतलं. "मी वखारीवर नसतो गेलो तर! परवा आलो तेव्हा अंधारलं होतं. म्हटलं सकाळी दोर तपासू. मास्तर मला न सांगताच निघाले." मग अचानक थांबून त्यानं विचारलं, "गाठ कशी आहे?"

"कशी म्हणजे? गाठ आहे, घट्ट."

"सुतळी दे."

पाटीची सुतळी मी त्याच्यापुढे टाकली. त्यानं तिचे दोन तुकडे केले, टोकं एकत्र धरली, एक वेढा घातला आणि गाठ मारली. मोठी, गबाळी, दोन्ही टोकं एकाच अंगाला वर आलेली. "आमच्या पाड्यात जो तो अशी मारतो. गवताच्या पेंढीला, म्हशीला, झोपडीला. अशीच आहे का?"

"नाही. ती लहान आहे. चपटी. टोकं परत आत वळवलेली."

"मग ती आमच्यातल्या कुणी मारलेली नाय," हाल्या म्हणाला. "ती बाहेरच्या माणसाची."

मी परत निघाले. मंगळवारी येणारं बाहेरचं माणूस. ब्लॉकचा ओव्हरसियर? तो शुक्रवारी यायचा. पोस्टमन? त्याला दोर जोडायची काय पडलीय? गाठ मला वेगळी का वाटली नाही, याचाच मी सगळ्या वाटेनं विचार करत होते. हाल्याला ती न बघता परकी वाटली. मला बघूनही वाटली नव्हती.

तळ्यावर पोचले तेव्हा लडक्या लांबूनच ओरडला. "मालूबाय! अगो ये इकडे! म्हैस धुवायची हाय आन् तू मारलेली गाठ सुटत नाय!"

"मी कधी गाठ मारली?"

"सकाळीच नाय का? बोलता बोलता." आणि त्यानं दावं माझ्यापुढे धरलं.

लहान गाठ. चपटी. टोकं आत वळवलेली आणि शेवटचा वेढा डावीकडून घातलेला.

मी तशीच धावत दोरापाशी गेले. गुडघे दुखले नाहीत की काही नाही. मोरीच्या पुढची गाठ हातात धरली. शेवटचा वेढा डावीकडून होता.

तेव्हा आठवलं, आणि तेही पुसट. पाटी खांबाला टेकवून ठेवली होती. तुटका दोर चिखलात पडलेला. मेल्या म्हशी, असं काहीतरी मी पुटपुटले होते. एस.टी. चुकेल म्हणून घाई होती. समुद्राकाठच्या बाईला तुटलेली दोरी बघवत नाही. जाळं फाटलं की रांधण सोडून आम्ही ते जोडतो, आणि जोडलं हे ध्यानातही राहत नाही. माझ्या हातांनी ते केलं आणि मी पुढे गेले.

मी तिथेच खाली बसले. अगो बाय, मीच. मीच मारलं मास्तरांना.

६

खोटं कशाला सांगू, गप्प राहायचा विचार आला होता. कुणाला कळणार होतं? गाठ सोडून दोर पाण्यात टाकला असता की मिटलं असतं. पण हाल्याची कुबडी चौकीत होती आणि वहिनी रात्रभर छताकडे बघत पडल्या होत्या.

फौजदाराला तळ्यावर आणलं, दोर दाखवला, दाव्याची गाठ दाखवली. त्यानं डोळे बांधून चालून पाहिलं, आणि चौथ्या गाठीला हवालदारानं त्याला मागे ओढलं. मग त्यानं डोळ्यांवरची पट्टी सोडली.

"तुला आत टाकू की काय करू?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला कायद्यानं काय ते करा, साहेब. हाल्याला आधी सोडा."

त्यानं अपघात लिहिला. हाल्या संध्याकाळी घरी आला.

वहिनींना सांगणं राहिलं होतं. ते फौजदारापेक्षा जड. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि सगळं सांगितलं, अगदी मेल्या म्हशी म्हटलं तेही. अंगणात कपड्यांची दोरी होती आणि तिच्यावरही माझीच गाठ.

वहिनी उठून उंबऱ्यापर्यंत आल्या.

"म्हणजे हे पाण्यात पाय सोडून बसायला गेले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला सोडून नव्हते गेले."

"नाही हो, वहिनी. घाटावरून घरी परत येणार होते."

आणि मग ती बाई रडली. दोन दिवसांचं साठलेलं सगळं रडली. मी जवळ जावं की नाही मला कळेना. माझे हात त्यांना लावायचं धाडस मला होत नव्हतं. शेवटी त्यांनीच माझं मनगट धरलं, डावं, आणि इतकं घट्ट धरलं की दुखलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही मागितली नाही.

सकाळी म्हणाल्या, "ती गाठ सोड."

"सोडली तर दोर तुटकाच राहील, वहिनी."

"गाठ न मारता जोडता येत नाही?"

येतो. तेच तर माझं मरण आहे. होडीचा दोर आम्ही गाठ मारून जोडत नाही, पीळ उलगडून पिळात पीळ विणतो. हाताला सांधा कळतसुद्धा नाही. पण त्याला अर्धा दिवस लागतो, आणि त्या मंगळवारी मला एस.टी. पकडायची होती.

मी बसले. हाल्यानं वखारीतून नवा काथ्या आणला आणि कुबडी बाजूला टाकून दोराचं दुसरं टोक ताणून धरलं.  डाव्या हातानं एकेक पीळ आत घालत गेले. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. बोटांची सालं निघाली. शेवटी मी डोळे मिटून तो सांधा दहा वेळा चाचपला, आणि नेमका कुठे आहे ते मला सांगता येईना.

वहिनी शाळेपाशी उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले.

"वहिनी, मी येते बरोबर."

"नको. इथे कुणी कुणाला हात धरून न्यायचं नाही."

त्या निघाल्या. मी दहा पावलं मागे. मोरी आली. "एक," त्या मोठ्यानं म्हणाल्या. बसायचा दगड आला. "दोन." खदानीच्या वळणाला त्यांनी दोर दोन्ही हातांनी धरला. "तीन." माझ्या तोंडून आवाज फुटला असता, तो मी पदरानं दाबला.

चौथ्या गाठीला त्या थांबल्या. चपला काढल्या आणि जोडीनं ठेवल्या. मग दोराखालून वाकून, तीन पायऱ्या उतरून त्यांनी पाण्यात पाय सोडले आणि अंधार पडेपर्यंत तिथे बसून राहिल्या.